चालता येऊन राह्यलं, मंग फोटो कायले?

एकवीस वर्षं झाली, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एक्स-रे काढतो. कागदावर ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’, गावासाठी ‘फोटोवाले भाऊ’. वरचं वाक्य माझ्या खोलीच्या दारात आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतं. बोलणारा भिंत धरून एका पायावर उभा असतो, दुसरा घोटा वांग्यासारखा फुगून जांभळा झालेला असतो, आणि तरी त्याचं म्हणणं एकच. हाड मोडलं असतं तर इथवर चालत आलो असतो का?

आला असता. मी स्वतः चार दिवस चाललो.

दोन वर्षांपूर्वीचा पोळा. बैल तोरणाखालून सुटले, घरोघरी पूजा झाली, आणि अंधार पडता पडता मी त्यांना वावरातल्या गोठ्याकडे घेऊन निघालो. दुपारी एक सर येऊन गेली होती. काळ्या मातीचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, लोण्यासारखा झालेला, आणि माझ्या पायात रबरी स्लीपर. उतरताना डावा पाय आतल्या बाजूला वळला आणि वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा ‘कट’ आवाज आला. मी तिथंच बसलो. बैल दोन पावलं पुढे जाऊन थांबले आणि मागे वळून बघत राहिले. त्यांचा सण होता, त्यांना कसली घाई नव्हती.

घरी आलो तर माय ओसरीतूनच म्हणाली, “काहून रे, पाय काहून ओढून राह्यला?”

“मोच आली वो माय. होते दोन दिवसांत बरी.”

“फोटो काढून घे ना मंग. तुह्याच दवाखान्यात तं आहे मशीन.”

“चालता येऊन राह्यलं, मंग फोटो कायले?” हे मी म्हणालो. मी!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे हाड बसवणारे म्हातारबुवा आले. माणूस भला, पैसे घेत नाही. कोमट तेल लावून त्यांनी अंगठ्यानं पाय असा रगडला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सूज दुप्पट झाली. चौथ्या दिवशी ड्युटीवर लंगडताना बघून सिस्टरनं मला हात धरून माझ्याच टेबलावर बसवलं, सहकाऱ्यानं बटण दाबलं, आणि पडद्यावर करंगळीकडच्या लांब हाडाला आडवी फट दिसली. दुसऱ्या कोणाचा फोटो असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

मी डॉक्टर नाही. उपचार ठरवायचे ते डॉक्टरांनीच. पण हजारो पाय मशीनखाली ठेवून, डॉक्टर काय सांगतात ते ऐकून आणि स्वतःचे अकरा आठवडे काढून जे कळलं ते लिहितो.

पहिला तास

पाय मुरगळला, मार लागला की आधी बसा. “चालून पाहू, मोकळा होईल” हे नको. बाईमाणूस असेल तर सूज चढायच्या आत जोडवी आणि तोरड्या काढून घ्या. साबणाचं पाणी लावलं की निसटतात. उशीर झाला की बोट फुगतं, जोडवी रुतते आणि मग पक्कड घेऊन कापावी लागते. आमच्याकडे त्यासाठी वेगळी पक्कडच ठेवली आहे. जोडवी कापताना पेशंटपेक्षा तिची सासू जास्त रडते.

मग पाय हलू नये एवढी सोय करा. किराण्याच्या खोक्याचा पुठ्ठा काटकोनात दुमडून टाचेखालून पोटरीपर्यंत लावला आणि वरून दुपट्टा गुंडाळला तर उत्तम. वावरात पुठ्ठा नसेल तर दोन्ही बाजूंनी तुराट्यांची जुडी, आत कापडाची घडी. बांधताना बोट आत जाईल इतकं सैल ठेवा.

पाय वाकडा दिसतोय, हाड बाहेर आलंय, बोटं पांढरी किंवा निळी आणि गार पडलीत, नाहीतर बधीर झालीत, तर घरगुती काहीही न करता १०८ ला फोन लावा. वाकडा पाय ओढून सरळ करायला जाऊ नका. जखमेवर धुतलेलं कोरडं कापड ठेवून हलकं दाबा, पण बाहेर आलेल्या हाडावर दाब नको. हळद, चुना, शेण, राख यांतलं काहीच नको. मोडलेल्या हाडापर्यंत जखम गेली असेल तर हाडाला जंतू लागायचा धोका असतो, तिथं सुई आणि प्रतिजैविक जितकं लवकर तितकं बरं. गोठ्यातली, मातीतली जखम असेल आणि धनुर्वाताची सुई घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी लागते. शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल, आणि कोणालाच आठवत नसतं, तर तसं डॉक्टरांना सांगा.

वरून काही फुटलेलं नाही, नुसता मुका मार आहे, तर बर्फ. घरी फ्रीज नसला तरी किराणा दुकानात पोरांच्या पेप्सीच्या कांड्या मिळतात. पाचसहा आणून दुपट्ट्यात गुंडाळायच्या आणि पंधरावीस मिनिटं दुखऱ्या जागेवर ठेवायच्या. बर्फ थेट कातडीवर नको, चटका बसतो. दिवसातून चारपाच वेळा, पहिले दोन दिवस. बाजेवर आडवं होऊन पायाखाली गोधड्यांची घडी घालायची, पाय छातीपेक्षा उंच राहील एवढी. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवणं म्हणजे पाय उंच ठेवणं नव्हे.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्याच्या वर चार बोटं न्यायचं. रात्री सोडायचं. पहिले दोनतीन दिवस शेक नको, दारू नको, आणि मालिश तर नकोच नको. आत फाटलेल्या बारीक शिरांतून रक्त झिरपत असतं, त्यावर रगडलं की ते आणखी झिरपतं. हाडाला नुसती फट पडलेली असेल तर रगडून ती सरकूही शकते. म्हाताऱ्यांचा मान ठेवा, त्यांना चहा पाजा, पाय देऊ नका.

चार पावलं, चार जागा

फोटो लागतोय की नाही हे ठरवायची एक सोपी रीत आहे. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहराच्या डॉक्टरांनी ती बसवली, आज जगभरच्या दवाखान्यांत वापरतात, आणि तिला खर्च शून्य. आमच्या खोलीत ती मला मेडिकल ऑफिसर मॅडमनी शिकवली.

पहिली गोष्ट, चार पावलं. मार लागल्या लागल्या चार पावलं टाकता आली का, आणि आता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील, पण प्रत्येक पायावर दोनदा वजन यायला हवं.

दुसरी गोष्ट, चार जागा. माणसाला बाजेवर पाय लांब करून बसवा. तुमचा अंगठा घ्या, मांसावर नाही, हाडावर ठेवा. बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेनं, चार बोटं वरपासून खाली टोकापर्यंत सरकत या. मग आतल्या घोट्याला तसंच. तिसरी जागा पायाच्या बाहेरच्या कडेला. करंगळीपासून टाचेकडे बोट फिरवत न्या, साधारण अर्ध्यावर एक उंचवटा लागतो, तिथं दाबा. चौथी आतल्या बाजूला, आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली, तळव्याची कमान जिथं सर्वांत उंच होते तिथलं हाड. दाबताना पायाकडे बघू नका, तोंडाकडे बघा. आमच्याकडचा माणूस ‘दुखते’ म्हणत नाही, पण भुवई लपत नाही.

चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा या चारपैकी एका जागी हाडावर कळ आली, तर फोटो काढायचाच. दोन्हीपैकी एक पुरेसं आहे. चार पावलं आली आणि चारही हाडं शांत असली तर बहुतेक वेळा मोच असते. तिचं दुखणं घोट्याच्या पुढे-खाली मऊ भागात असतं आणि सूजही तिथंच अंड्याएवढी येते.

माझं काय झालं? पावलं मी चाळीस टाकली. तिसऱ्या जागेवर अंगठा ठेवला असता तर पहिल्याच रात्री कळलं असतं. ठेवला नाही.

ही रीत मोठ्या माणसांसाठी आहे. लहान लेकरू बरोबर सांगू शकत नाही, त्याला सरळ दाखवा. साखरेचा आजार जुना असेल तर पाय बधीर असतो, मोडलेलं हाडही दुखत नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, येणारे पेशंट, ज्यांच्या तोंडाला वास असतो, त्यांना तर बैलानं पूर्ण पाय चिरडला तरी “काही नाही झालं साहेब”. त्यांच्या बाबतीत दारू उतरल्यावर चारही जागा पुन्हा दाबून बघाव्या लागतात. सूज इतकी आहे की हाड हाताला लागतच नाही, तरी फोटो.

पायाच्या फोटोला लागणारे किरण अगदी थोडे असतात. घाबरायचं कारण नाही. पोटुशी बाई असेल तर मात्र आधी सांगा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी मोफत झाली, फोटोलाही पैसे लागत नाहीत. पैशापायी टाळणारे कमीच असतात म्हणा. बाकीचे वेळेपायी टाळतात.

कोणतं हाड, किती दिवस

एका पायात २६ हाडं. दोन्ही मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांचा चौथा हिस्सा पायांतच. त्यामुळे “पाय मोडला” या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कोणतं हाड मोडलं यावर सगळं अवलंबून.

बोटं सर्वांत सोपी. बैलाचा खूर पडला, उंबऱ्याला ठेच लागली. चार लहान बोटांपैकी एखादं तडकलं आणि सरळ असलं तर शेजारच्या बोटाला बांधतात, मध्ये कापसाचा पेळू ठेवून, म्हणजे घामानं कातडी कुजत नाही. चार ते सहा आठवडे. अंगठ्याचं तसं नाही, चालताना सगळा जोर त्याच्यावर येतो, तो डॉक्टरांना दाखवावाच लागतो. आणि नख उखडून खालून रक्त येतंय आणि आत हाडही मोडलंय, तर ती उघडी जखम समजायची, बोट केवढंसं का असेना.

टाचेचं हाड मोडतं ते उंचावरून पडल्यावर. आमच्याकडे त्याचा हंगाम ठरलेला आहे. मृगाच्या आधी कवेलू फेरायला लोक छपरावर चढतात, उन्हाळ्यात मोहाच्या-आंब्याच्या झाडावर. टाचांवर आपटलेल्या माणसाच्या कमरेलाही हात लावून बघा. तोच दणका वर चढून कधी कधी मणका दबतो, आणि टाचेच्या ठणक्यात कमरेचं दुखणं लक्षात येत नाही. अशा माणसाला उचलून दुचाकीवर मध्ये बसवून आणू नका, गाडीत आडवं आणा. हे हाड जुळायला तीन महिने सहज जातात, कधी ऑपरेशन लागतं, आणि त्यासाठी यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूर गाठावं लागतं. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

सगळ्यात फसवी जागा पायाच्या मधोमध, चवडा आणि घोटा यांच्यामध्ये. बंडीचं चाक पायावरून गेलं, किंवा दुचाकी आडवी होऊन पाय फुटरेस्टमध्ये पिळला. तिथले सांधे सरकतात आणि झोपून काढलेल्या फोटोत ते चांगले दिसू शकतात. फोटो नॉर्मल म्हणून घरी गेलेला माणूस महिनाभरानं वाकडं पाऊल घेऊन परत येतो. ओळखायची खूण म्हणजे तळवा. तळव्याच्या मधोमध निळा-जांभळा डाग आला असेल तर फोटो कितीही चांगला असो, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच. तिथं दोन्ही पायांवर उभं करून पुन्हा फोटो काढायला सांगतात, दोन पाय शेजारी ठेवले की फरक दिसतो. काही वेळा सीटी स्कॅन.

मग भरतीची पोरं. पहाटे पाचला डांबरी सडकेवर पोलीस भरतीसाठी पळणारी. महिनाभर कधी पळाली नाहीत आणि जाहिरात निघाली की रोज दहा किलोमीटर. चवड्याच्या वर एका जागी दुखतं, पळताना वाढतं, बसलं की कमी होतं. फोटो काढला तर पहिले दोनतीन आठवडे काहीच दिसत नाही, कारण फट केसापेक्षा बारीक असते. नंतर तिथं नवीन हाडाची गाठ धरते तेव्हा कळतं. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरानं कवायत करून पाय सुजलेल्या सैनिकांत हा प्रकार नोंदवला होता, तेव्हा एक्स-रे निघालेलाही नव्हता. शेगावला पहिल्यांदा पायी जाणाऱ्यांतही मी तो पाहतो. उपाय एकच, सहाएक आठवडे पळणं बंद. पोरांना हे पटत नाही. पेनकिलरची सुई घेऊन पळतात आणि फटीचे दोन तुकडे करून येतात.

आता माझं हाड. करंगळीच्या मागचं लांब हाड बाहेरच्या उंचवट्याशी दोन तऱ्हांनी मोडतं. अगदी टोकाची कपची निघाली तर सोपं, कडक तळाचा बूट किंवा साधं बांधून सहा ते आठ आठवड्यांत भरतं. पण टोकापासून जरा पुढे, हाडाच्या दांड्याकडे आडवी फट गेली तर जड जातं, कारण त्या जागेला रक्त कमी पोचतं. या दुसऱ्या तऱ्हेला लिव्हरपूलच्या डॉक्टर रॉबर्ट जोन्स यांचं नाव आहे. त्यांनी नाचताना स्वतःचाच पाय मोडून घेतला आणि १९०२ साली त्यावर लेख लिहिला. ते नाचताना, मी बैलांमागे. फट मात्र तीच.

जाता जाता एक. नऊ ते चौदा वर्षांच्या पोरांच्या फोटोत त्याच उंचवट्याजवळ एक उभी रेघ दिसते. ती वाढीची रेघ असते, मोड नव्हे. मोड बहुधा आडवी जाते. मोबाइलवर फोटोचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचा आणि त्यांनी “मोडलं आहे” म्हणून रडारड करायची, हे मी दोनदा पाहिलं आहे.

पलस्तर

आधी कच्चं, म्हणजे अर्ध्या बाजूनं पट्टी. सूज उतरली की पाचसात दिवसांनी पक्कं. “आजच पक्कं करून द्या, पुन्हा येणं होत नाही” असा हट्ट धरू नका. सुजलेल्या पायावर पक्कं घातलं तर आत जागा उरत नाही, आणि सूज उतरल्यावर तेच ढिलं होऊन आत पाय हलतो.

ओलं पलस्तर पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात. तोवर फरशीवर टेकवू नका, मऊ उशीवर ठेवा. पहिले दोन दिवस बोटांवर लक्ष ठेवायचं. दर दोनतीन तासांनी नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं पाहिजे. बोटं हलवा. बोटं निळी, गार, बधीर पडली, किंवा गोळी घेऊनही ठणका वाढतच चालला आणि बोट सरळ करताच जीव जायला लागला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखाना गाठा. पलस्तर चिरून सैल केलं की पाय वाचतो, सकाळपर्यंत थांबलं तर कधी कधी वाचत नाही. पुढच्या दिवसांत पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तरी तसंच धावायचं, शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

खाज सुटते. आत फड्याची काडी घालू नका. माझ्या एका पेशंटच्या पलस्तरातून कटरनं कापताना काडी, दोन चिंचोके आणि एक पेन्सिल निघाली, आणि खाली जखम चिघळलेली. बाहेरून टिचक्या मारा, पंख्याखाली बसा.

आंघोळीला कॅरीबॅग घालून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायची, आवळून नाही. त्यातही पाय न्हाणीबाहेर स्टुलावर. बायकोनं मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घातली आणि संपूर्ण वेळ हसत होती. संडासाची मोठी अडचण. उकिडवं बसता येत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून ती भांड्यावर ठेवली, भिंतीला धरायला बांबू ठोकला. बाजारात कमोडची खुर्चीही मिळते.

कुबडीचं वरचं टोक काखेच्या खाली दोनतीन बोटं हवं आणि वजन तळहातांवर. काखेवर लोंबकळलं की हाताच्या शिरा दबतात आणि हातच बधीर होतो. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. नंतर एकच काठी वापराल तेव्हा ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. सिनेमात नेहमी चुकीच्या हातात असते. शेणानं सारवलेल्या ओल्या अंगणात कुबडी सरकते, खालचं रबर झिजलं की दहा-वीस रुपयांत बदला.

गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच. पोटाचा, किडनीचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर मेडिकलमधून मनानं पेनकिलर आणू नका. खाण्यात दूध-दही, अंडी, तुरीचं वरण, तीळ, जवसाची चटणी, आणि सकाळचं ऊन. पायाचं सूप आवडत असेल तर जरूर प्या, पण ते पिऊन हाड जुळतं असं काही नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी माझा फोटो पाहून पहिला प्रश्न विचारला, “खर्रा किती?” मी म्हणालो, “दोन.” बायको मागून म्हणाली, “पाच.” तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या जागी आधीच रक्त कमी तिथं हाड भरायला आणखी उशीर लागतो. बिडी, सिगारेट, खर्रा, सगळं आलं. मी पाचावरून एकावर आलो. शून्यावर आलो असं लिहिलं असतं, पण हे ती वाचणार आहे.

माझी दुसरी चूक

तिसऱ्या आठवड्यात ठणका थांबला. ठणका थांबला की माणसाला वाटतं झालं. इकडे सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, मजूर मिळेना, पावसाचे ढग. पाय टेकवायचा नाही असं स्पष्ट सांगितलेलं असताना मी पलस्तरावर पोतं बांधून वावरात गेलो. फक्त उभा राहीन म्हटलं. उभा राहून कोणी सोंगणी केली आहे का?

सहाव्या आठवड्याच्या फोटोत फट होती तशीच, उलट जरा रुंद. डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, अजून पाच आठवडे पाय अधांतरी, तेव्हाही नाही भरलं तर स्क्रू. अकराव्या आठवड्यात हाड धरलं. सोयाबीन किती वाचलं याचा हिशोब मी केलेला नाही.

म्हणून “आता दुखत नाही” यावर पाय टेकवू नका. फोटो आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि तोही आधी थोडा, मग अर्धा, मग पूर्ण. घरात वजनकाटा असेल तर त्यावर पाय ठेवून वीस किलो म्हणजे किती ते एकदा बघून घ्या. आपला अंदाज नेहमी जास्त निघतो.

पलस्तर निघाल्यावर

पाय बघून दचकू नका. पोटरी अर्धी झालेली, कातडीचे पापुद्रे, वास. कोमट पाण्यात भिजवून हलक्या हातानं धुवा, खोबरेल लावा. खरवडू नका. सांधे गंजलेल्या बिजागरीसारखे होतात.

फिजिओथेरपिस्ट जवळ नसेल तर डॉक्टरांना विचारून एवढं घरी होतं. बाजेवर बसून पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी लिहा, क पासून ज्ञ पर्यंत, दिवसातून तीनदा. दुपट्टा चवड्याला अडकवून दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा, पोटरी ताणली जाईल, मनात तीस मोजा. जमिनीवर चिंचोके टाकून पायाच्या बोटांनी एकेक उचला आणि गडव्यात टाका. पहिल्या दिवशी मला वीस मिनिटांत चार जमले, माझी पुतणी शेजारी बसून मोजत होती आणि पडलेले परत ठेवायला लावत होती. तळव्याखाली लाटणं फिरवायला सांगतात. आमच्या घरात लाटण्याला पाय लावायची सोय नाही, मी पाण्यानं भरलेली बाटली वापरली.

दोनतीन आठवड्यांनी खांबाला धरून दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहा, मग हात सोडून, मग डोळे मिटून. पाय नुसता धरून चालत नाही, त्याला तोल परत शिकवावा लागतो. नाहीतर पुढच्या धुऱ्यावर तोच पाय पुन्हा वळतो. व्यायामानं थोडं दुखलं आणि तासाभरात शमलं तर ठीक. दुसऱ्या सकाळपर्यंत दुखत राहिलं तर उद्या निम्मं करा. संध्याकाळची सूज चारसहा महिने राहू शकते, मला आठ महिने होती.

साखर असलेल्यांसाठी वेगळं. मार लागल्याचं आठवत नाही, दुखतही नाही, पण एक पाऊल लाल, सुजलेलं आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय, तर त्यावर चालणं ताबडतोब थांबवून दाखवा. आतली हाडं हळूहळू ढासळत असू शकतात, आणि वरून ते साधं इन्फेक्शन वाटतं.

दुचाकी लगेच नको. उजवा पाय मोडला असेल तर ब्रेक, डावा असेल तर गिअर. उभ्या गाडीवर बसून ब्रेक दहा वेळा कचकन दाबून बघा, कळ आली तर पोराच्या मागे बसा. चालायची सुरुवात सडकेवर, सपाट जागी, बूट घालून. मग गावातली पांदण. नांगरलेलं वावर सर्वांत शेवटी, तिथं ढेकळावर पाऊल कुठल्या बाजूला कलेल सांगता येत नाही. पावसाळ्यात वावरात जायला मी आता कडक तळाचे गमबूट घेतले आहेत. रबरी स्लीपर मायनं धुऱ्यावरून आणून चुलीत घातली.

फोटो काढायला याल तेव्हा जुना फोटो असेल तर सोबत आणा, ढिला पायजमा घाला, आणि पाय धुऊन या. चिखलाचं ढेकूळ फोटोत हाडाच्या कपचीसारखं दिसतं.